रिमिनी कसे पाहावे: रोमन कमानीपासून छत्र्यांच्या रांगांपर्यंत

इटलीतल्या एमिलिया-रोमान्या प्रांतात, आड्रियाटिक समुद्राकाठी वसलेल्या रिमिनीची ओळख बहुतेकांना सुमारे पंधरा किलोमीटर लांबीची वाळू आणि तिच्यावर ओळीने उघडलेल्या छत्र्या अशीच असते. ती ओळख खोटी नाही. पण ती सुमारे एकशे ऐंशी वर्षांचीच आहे. त्यापूर्वीची दोन हजारांहून अधिक वर्षे हे शहर रस्ते, पूल आणि बाजार यांच्या जोरावर जगले, आणि समुद्राचा त्याला उपयोग होता तो बंदर आणि मासेमारी यांपुरता. त्यामुळे रिमिनीत दोन शहरे शेजारी शेजारी नांदताना दिसतात: रेल्वेमार्गाच्या आत जुने, दगडी शहर आणि पलीकडे 'मरीना', म्हणजे हॉटेलांचे आणि वाळूचे शहर. प्रथमच जाणाऱ्याने आधी पहिले पाहावे आणि मगच दुसऱ्यात उतरावे. उलट क्रमाने गेल्यास बहुधा पहिले पाहायचेच राहून जाते.

पहिली पायरी: दिवस निवडणे

किनाऱ्यावरच्या सोयी साधारणपणे मे महिन्याच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत पूर्ण चालू असतात. ऑगस्टमध्ये, विशेषतः १५ ऑगस्टच्या 'फेर्रागोस्तो' सणाच्या आगेमागे, निम्मी इटली सुट्टीवर असते. तेव्हा खोल्या महाग होतात आणि पाण्याजवळच्या छत्र्या आधीच लागलेल्या असतात. ज्यांना समुद्र आणि इतिहास दोन्ही हवे आहेत त्यांच्यासाठी जून किंवा सप्टेंबरचा पहिला पंधरवडा सर्वांत योग्य. हिवाळ्यात मरीनातली पुष्कळ हॉटेले कुलूपबंद असतात, धुके दाटते आणि लाटांखेरीज तिकडे फारसे काही हलत नाही. जुने शहर मात्र त्या दिवसांत आपल्या नेहमीच्या चालीने चालू असते आणि माझ्या मते तेव्हाच ते खरे दिसते. बोलोन्या विद्यापीठाचा एक परिसर रिमिनीत असल्यामुळे विद्यार्थ्यांची वर्दळही तिथे वर्षभर असते.

बोलोन्याहून वेगवान रेल्वेगाडीने सुमारे तासाभरात रिमिनी येते आणि प्रादेशिक गाडीला त्याहून थोडा अधिक वेळ लागतो. प्रादेशिक गाडीचे कागदी तिकीट काढले असेल तर चढण्यापूर्वी फलाटावरच्या यंत्रात ते छापून घ्यावे लागते. न छापलेले तिकीट हे तिकीट न काढल्यासारखेच मानले जाते आणि दंड होतो. खोली आरक्षित करताना आणखी एक बाब लक्षात असू द्यावी: हॉटेलच्या दर्जानुसार माणशी आणि रात्रीमागे आकारला जाणारा पर्यटककर अनेकदा दाखवलेल्या भाड्यात धरलेला नसतो, तो तिथे पोहोचल्यावर वेगळा द्यावा लागतो.

दुसरी पायरी: स्थानकातून शहराकडे तोंड करणे

स्थानकाबाहेर आल्यावर समुद्राकडे जाण्याचा मोह होतो, कारण तो पाठीमागे अगदी चालण्याच्या अंतरावर असतो. तो मोह आवरून जुन्या शहराकडे वळावे. हा रेल्वेमार्ग १८६१ मध्ये, म्हणजे इटलीचे एकीकरण झाले त्याच वर्षी, इथवर आला. त्याच्याशिवाय रिमिनी कधीच मोठे पर्यटनस्थळ झाले नसते आणि त्याच्याचमुळे शहर कायमचे दुभंगले, असा हा दुहेरी वारसा आहे. रुळांखालून जाणारे भुयारी रस्ते नकाशावर आधीच खूण करून ठेवावेत. पुढे दिवसातून अनेकदा त्यांचीच गरज पडते.

तिसरी पायरी: रोमन रेषा चालणे

आरंभ पहिला रोमन सम्राट ऑगस्टस याच्या कमानीपासून करावा. रोमनांनी इ. स. पू. २६८ मध्ये 'आरिमिनुम' नावाची वसाहत इथे स्थापली, ती उत्तरेकडच्या गॉल टोळ्यांच्या मुलखाच्या तोंडाशी असलेले ठाणे म्हणून. रोमहून निघालेला फ्लामिनिया मार्ग इ. स. पू. २२० मध्ये इथवर पोहोचला आणि इ. स. पू. १८७ मध्ये इथूनच पियाचेन्झाकडे जाणारा एमिलिया मार्ग निघाला. आजच्या एमिलिया-रोमान्या प्रांताच्या नावाचा पहिला अर्धा भाग याच रस्त्याने दिलेला आहे. कमान इ. स. पू. २७ मधली असून रोमन कमानींमध्ये सर्वांत जुन्या शिल्लक कमानींत तिची गणना होते. तिच्या मधला दरवाजा इतका रुंद ठेवला आहे की त्याला बंद होणारी दारे बसवणेच अवघड. यादवी युद्धे संपली, आता वेशी मिटण्याची गरज उरली नाही, अशी ती दगडातली घोषणा आहे असे इतिहासकार मानतात. माथ्यावरचे कंगोरे मात्र मध्ययुगातले, म्हणजे वेशी मिटण्याची गरज पुन्हा भासू लागली त्या काळातले आहेत.

कमानीतून आत शिरल्यावर 'कोर्सो दाउगुस्तो' हा सरळ रस्ता लागतो. तो रोमन वसाहतीचा मुख्य मार्ग होता आणि आजही शहराचा कणा तोच आहे. मध्यावर पियात्सा त्रे मार्तीरी हा चौक येतो. इथे रोमन काळात फोरम, म्हणजे शहराचा मुख्य सार्वजनिक चौक, होता. इ. स. पू. ४९ मध्ये सीझरने उत्तरेकडची रुबिकॉन नदी सैन्यासह ओलांडली आणि पहिल्यांदा गाठले ते हेच शहर. त्याने याच जागी सैनिकांपुढे भाषण केले अशी परंपरा सांगते, म्हणून इथे त्याचा पुतळा आहे. चौकाचे नाव मात्र सीझरचे नाही. १६ ऑगस्ट १९४४ रोजी जर्मन ताब्यातल्या या शहरात तीन तरुण पार्टिझनांना, म्हणजे जर्मनांविरुद्ध लढणाऱ्या प्रतिकारकांना, याच ठिकाणी फाशी देण्यात आले आणि त्यांच्या स्मरणार्थ चौकाला 'तीन हुतात्म्यांचा चौक' म्हणतात.

रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला तिबेरियसचा पूल आहे. ऑगस्टसने इ. स. १४ मध्ये आरंभलेला आणि त्याच्यानंतरचा सम्राट तिबेरियस याने इ. स. २१ मध्ये पूर्ण केलेला हा पाच कमानींचा पूल इस्त्रियाच्या पांढऱ्या दगडाचा आहे. १९४४ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने इतर पूल उडवले, हा वाचला. अगदी अलीकडेपर्यंत त्यावरून मोटारी धावत होत्या. आता तो फक्त पायी जाणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी आहे. खालचे पाणी संथ दिसते, कारण विसाव्या शतकात मारेक्किया नदीचा मुख्य प्रवाह बाजूला वळवण्यात आला आणि इथे उरला तो कालव्यासारखा भाग.

मधल्या वाटेत पियात्सा फेर्रारी इथले 'शल्यचिकित्सकाचे घर' चुकवू नये. १९८९ मध्ये बागेचे काम चालू असताना जमिनीखाली तिसऱ्या शतकातले एक जळालेले घर सापडले, आणि त्यात दीडशेच्या आसपास शस्त्रक्रियेची उपकरणे. आग लागून छत कोसळल्यामुळेच ती जागच्या जागी टिकली. घराचे अवशेष काचेच्या दालनातून पाहता येतात आणि उपकरणे शेजारच्या नगरसंग्रहालयात ठेवलेली आहेत. दोन्ही एकाच फेरीत पाहावीत. बहुतेक संग्रहालये सोमवारी बंद असतात, आणि दुपारच्या वेळी पुष्कळ दुकाने व चर्चही दार लावून घेतात, हे धरूनच दिवस आखावा.

चौथी पायरी: मालातेस्तांचे वैर आणि वैभव

तेराव्या शतकाच्या अखेरीपासून सुमारे दोनशे वर्षे शहरावर मालातेस्ता घराण्याची सत्ता होती. दान्तेच्या महाकाव्यातील नरकाच्या पाचव्या सर्गात भेटणारी फ्रांचेस्का ही याच घराण्याची सून. दिराशी तिचे प्रेम जडले आणि पतीने दोघांना ठार केले. हे नेमके कुठे घडले यावर आसपासच्या अनेक गढ्या हक्क सांगतात. त्या वादात पडण्यापेक्षा घराण्यातला सर्वांत गाजलेला पुरुष, सिजिस्मोंदो पांदोल्फो मालातेस्ता (१४१७–१४६८), याने जे बांधले ते पाहणे अधिक फलदायी.

'तेम्पियो मालातेस्तियानो' हे मुळात फ्रान्सिस्कन साधूंचे साधे विटांचे चर्च होते. १४५० च्या सुमारास सिजिस्मोंदोने लेओन बात्तिस्ता आल्बेर्ती या वास्तुकाराकडून त्याभोवती संगमरवरी कवच चढवायला घेतले. आल्बेर्तीने दर्शनी भागासाठी आदर्श कुठला घेतला हे पाहण्यासाठी दूर जावे लागत नाही: सकाळी पाहिलेली ऑगस्टसची कमानच त्याने चर्चच्या दारावर उभी केली. चर्चच्या दर्शनी भागासाठी रोमन विजयकमान वापरण्याचे हे प्रबोधनकाळातले अगदी आरंभीचे उदाहरण. इमारतीच्या बाजूला खोल कमानी आहेत आणि त्यांत दरबारातल्या विद्वानांच्या शवपेट्या ठेवल्या आहेत. त्यांपैकी एक ग्रीक तत्त्ववेत्ता गेमिस्तोस प्लेथोन याची, ज्याचे अवशेष सिजिस्मोंदोने ग्रीसमधल्या मोहिमेवरून परतताना सोबत आणले होते. योजलेला घुमट कधीच झाला नाही. धनी अडचणीत आला, पैसा आटला आणि दर्शनी भागाची वरची बाजू आजही अर्धवट तुटल्यासारखी दिसते. हे पडझडीचे नसून अपुरेपणाचे लक्षण आहे.

आत चित्रकार पिएरो देल्ला फ्रांचेस्काचे १४५१ चे भित्तिचित्र आहे, ज्यात सिजिस्मोंदो आपल्या संरक्षक संतापुढे गुडघे टेकून बसला आहे. आणि वेदीच्या बाजूला चित्रकार जोत्तोने रंगवलेला लाकडी क्रूस आहे. शिल्पकार आगोस्तीनो दि दुच्चोच्या कोरीव कामात ग्रह, राशी आणि खेळणारी बालके इतकी आहेत, आणि सिजिस्मोंदो व त्याची प्रिया, पुढे पत्नी झालेली इझोत्ता, यांच्याशी जोडली गेलेली अद्याक्षरे इतक्या ठिकाणी आहेत, की हे देऊळ नेमके कोणाचे असा प्रश्न पडावा. पोप दुसरे पायस यांना तो पडलाच होता: त्यांनी सिजिस्मोंदोला धर्मबहिष्कृत केले आणि रोममध्ये त्याचा पुतळा जाळवला. आज हेच शहराचे कॅथेड्रल आहे. प्रवेश विनामूल्य असतो. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत आणि प्रार्थना चालू असताना फिरू नये.

तिथून जवळच, १४३७ मध्ये बांधायला घेतलेला सिजिस्मोंदोचा किल्ला आहे. त्याचे सध्याचे रूप पाहण्याआधी फेलिनीविषयी बोलणे भाग आहे.

पाचवी पायरी: फेलिनीचे गाव, फेलिनीशिवाय

चित्रपट दिग्दर्शक फेडेरिको फेलिनी यांचा जन्म २० जानेवारी १९२० रोजी रिमिनीत झाला. तरुणपणीच ते रोमला गेले आणि पुढे आयुष्यभर रिमिनीवर चित्रपट करत राहिले, पण रिमिनीत नव्हे. 'आमारकोर्द' (१९७३) पाहून आलेले लोक त्यातले चौक आणि गल्ल्या शोधत फिरतात; त्या मिळत नाहीत, कारण ते गाव रोमच्या चिनेचित्ता स्टुडिओत उभे केलेले होते. हे आधीच ठाऊक असले म्हणजे निराशा होत नाही आणि खऱ्या खुणा नजरेत भरतात: कोर्सोवरचे फुल्गोर चित्रपटगृह, जिथे त्यांनी लहानपणी चित्रपट पाहिले आणि जे २०१८ मध्ये पुन्हा उघडले, आणि २०२१ पासून किल्ल्यात, फुल्गोरच्या इमारतीत व मधल्या चौकात मिळून पसरलेले फेलिनी संग्रहालय.

तिबेरियसच्या पुलापलीकडचे सान जुल्यानो हा एकेकाळचा गरीब कोळीवाडा. त्याच्या रंगीत भिंतींवर फेलिनींच्या पात्रांची आणि जुन्या रहिवाशांची चित्रे आहेत. घरे राहती आहेत, खिडक्या रस्त्याला लागून आहेत. छायाचित्रे काढताना तेवढे भान ठेवावे. संध्याकाळी पियात्सा कावूरला यावे. 'ला पिन्या' हे तिथले जुने कारंजे लिओनार्दो दा विंचीने १५०२ मध्ये पाहून त्याच्या पाण्याच्या नादाची नोंद केली होती. समोरचे नाट्यगृह १८५७ मध्ये संगीतकार व्हेर्दीच्या ऑपेराने उघडले, १९४३ च्या बाँबवर्षावात कोसळले आणि तब्बल पंचाहत्तर वर्षांनी, २०१८ मध्ये, पुन्हा सुरू झाले. शेजारच्या अठराव्या शतकातल्या मासळीबाजारात संगमरवरी ओटे अजून आहेत. त्यांच्या आसपास आता मासळीऐवजी संध्याकाळची पेये मिळतात.

सहावी पायरी: रुळांपलीकडे जाणे

आता समुद्र. ३० जुलै १८४३ रोजी, रिमिनी अद्याप पोपच्या राज्यात असताना, बाल्दिनी बंधू आणि डॉक्टर क्लाउद्यो तिन्तोरी यांच्या पुढाकाराने इथे पहिले स्नानगृह उघडले. त्यात मौजेपेक्षा औषधाचा भाग अधिक होता: समुद्रस्नान हा उपचार, त्याची वेळ आणि मुदत डॉक्टरांनी ठरवायची, आणि ग्राहक म्हणजे पैसेवाली घराणी. रेल्वे आल्यानंतर १८७३ मध्ये किनाऱ्यावर 'कुरसाल' हे भव्य विहारगृह उभे राहिले (ते आज शिल्लक नाही) आणि १९०८ मध्ये पाओलो सोमात्सी यांनी आराखडलेले ग्रँड हॉटेल. त्याचे दोन घुमट १९२० च्या आगीत गेले, इमारत मात्र दिमाखात उभी आहे. लहानपणी कुंपणाबाहेरून ती न्याहाळणारे फेलिनी पुढे तिथलेच नित्याचे पाहुणे झाले. बागेबाहेरून ती आजही न्याहाळता येते, आणि आत कॉफी घेण्यास काही अडचण नसते.

फॅसिस्ट राजवटीत किनाऱ्यावर 'कोलोनिया' उभ्या राहिल्या, म्हणजे शहरातल्या कामगारांच्या मुलांना हवापालटासाठी ठेवण्याच्या प्रचंड इमारती. शहराच्या दक्षिणेकडच्या मीरामारे भागातली १९३४ ची कोलोनिया नोवारेझे त्यांतली ठळक. सर्वसामान्यांची रिमिनी मात्र घडली ती युद्धानंतर. पन्नास आणि साठच्या दशकांत मच्छीमार, शेतकरी आणि गवंडी यांच्या कुटुंबांनी कर्जे काढून छोटी छोटी 'पेन्सियोने', म्हणजे घरगुती निवासगृहे, बांधली. वडील हिशेब पाहत, मुले सामान उचलत आणि स्वयंपाकघर घरातल्या कर्त्या बाईच्या हाती असे. तिला इथल्या बोलीत 'आझदोरा' म्हणतात. मिलान आणि तुरीनचे कारखाना-कामगार आणि जर्मनीहून मोटारीने येणारी कुटुंबे यांना परवडणारी, जेवणखाणासह आठवडाभराची सुट्टी इथे मिळू लागली. आलिशान समुद्रस्थळे इटलीत पुष्कळ आहेत. सुट्टी ही सामान्य माणसाची गोष्ट करून दाखवली ती या शहराने, आणि मला रिमिनीचे खरे ऐतिहासिक महत्त्व इथे वाटते. १९८९ मध्ये आड्रियाटिकमध्ये शेवाळाचा चिकट थर पसरला आणि पर्यटकांनी पाठ फिरवली. त्या धक्क्यानंतर शहराने प्रदर्शने, परिषदा आणि जुन्या शहराची डागडुजी यांकडे अधिक लक्ष दिले.

सातवी पायरी: वाळूवरचे रीतिरिवाज

किनारा सरकारी मालकीचा असतो, पण त्याचे पट्टे ठेक्याने दिलेले असतात. अशा प्रत्येक पट्ट्याला 'बान्यो' म्हणतात आणि त्याला क्रमांक असतो. बंदरापासून दक्षिणेकडे मीरामारेपर्यंत हे क्रमांक दीडशेच्या आसपास जातात. रिमिनीकर भेटीची जागा क्रमांकानेच सांगतात आणि कुटुंबेच्या कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या एकाच बान्योत, शक्यतो त्याच रांगेत, छत्री घेतात. छत्री आणि आडव्या खुर्च्या दिवसाच्या किंवा आठवड्याच्या भाड्याने मिळतात. पाण्याजवळची पहिली रांग सर्वांत महाग. बऱ्याच हॉटेलांचा एखाद्या बान्योशी सवलतीचा करार असतो, म्हणून आधी तिथे विचारावे. भाडे द्यायचे नसेल तर 'स्पियाज्जा लीबेरा' अशी पाटी असलेले मोकळे भाग शोधावेत. पाण्यालगतच्या पट्टीवरून कोणालाही चालता येते, मात्र तिथे पंचा अंथरून बसता येत नाही.

पांढरा झेंडा म्हणजे जीवरक्षक हजर आहेत, लाल म्हणजे पोहणे धोक्याचे आणि पिवळा म्हणजे वारा जोराचा, छत्र्या मिटलेल्या राहतील. जीवरक्षकांची जोडतळी लाल वल्हवी नाव, 'मोस्कोने', ही या किनाऱ्याची खूणच आहे. पाणी उथळ असल्याने लहान मुलांसाठी उत्तम. निळ्याशार, पारदर्शक पाण्याची अपेक्षा मात्र ठेवू नये, ते सार्दिनियात. फिरत्या विनापरवाना विक्रेत्यांकडून चष्मे-पिशव्या घेतल्यास दंड विकत घेणाऱ्यालाही होऊ शकतो.

आठवी पायरी: पियादिना मागण्यापूर्वी

इथले मुख्य खाणे 'पियादिना', म्हणजे तव्यावर भाजलेली बिनखमिराची गव्हाची पोळी. २०१४ पासून तिला युरोपीय भौगोलिक मानांकन आहे आणि रिमिनीची पोळी उत्तरेकडच्या जाड पोळीपेक्षा पातळ व रुंद असते. शाकाहारी वाचकांनी नीट लक्षात ठेवावे की कणकेत परंपरेने डुकराची चरबी, 'स्त्रुत्तो', घालतात. ऑलिव्ह तेलातली हवी असल्यास 'अल्लोल्यो' असे सांगावे. बऱ्याच ठिकाणी ती मिळते. तिच्यात 'स्क्वाक्वेरोने' हे मऊ, ओघळते चीज आणि रुकोलाची पाने भरून घ्यावीत. तीच पोळी भाजीपाला किंवा चीज भरून दुमडली आणि कडा मिटवून भाजली की तिला 'कास्सोने' म्हणतात. मासे खाणाऱ्यांनी 'सार्दोन्चीनी', म्हणजे भाजलेले छोटे मासे, पियादिनात गुंडाळून खावेत. खानावळीत बसून जेवल्यास 'कोपेर्तो' या नावाने माणशी थोडी रक्कम देयकात येते. ती बक्षिसी नव्हे आणि फसवणूकही नव्हे.

शेवटची पायरी: सान मारीनोचा रस्ता

स्थानकासमोरून सान मारीनो या छोट्या स्वतंत्र प्रजासत्ताकाकडे बस जाते; पाऊण-एक तासाचा प्रवास, आणि सीमेवर तपासणी नसते. याच रस्त्यावर, रिमिनीच्या हद्दीत, गुरखा युद्ध दफनभूमी आहे. १९४४ च्या सप्टेंबरमध्ये 'गॉथिक रेषा' या जर्मन बचावफळीवर इथे घनघोर लढाई झाली. २१ सप्टेंबरला रिमिनी मुक्त झाले तेव्हा शहराचा फार मोठा भाग बाँबवर्षावाने उद्ध्वस्त झाला होता. सान मारीनोजवळ धारातीर्थी पडलेला, व्हिक्टोरिया क्रॉस या ब्रिटनच्या सर्वोच्च शौर्यपदकाचा मानकरी शेर बहादुर थापा या दफनभूमीत आहे, आणि त्याच्यासोबत भारतीय सैन्यातले अनेक जवान. मराठी वाचकाला याच मोहिमेशी जोडणारा आणखी एक दुवा उत्तरेला आहे: याच प्रांतातल्या सेनियो नदीवर ९ एप्रिल १९४५ रोजी मराठा लाइट इन्फंट्रीच्या नामदेव जाधव यांनी जखमी सहकाऱ्यांना पाण्यातून पलीकडे वाहून आणले आणि शत्रूची मशीनगन ठाणी एकट्याने मोडून काढली, त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

दफनभूमीसाठी आणि सान मारीनोसाठी मिळून एक पूर्ण दिवस राखावा. परतीच्या शेवटच्या बसची वेळ सकाळीच स्थानकासमोरच्या फलकावर पाहून घ्यावी. रविवारी आणि सणाच्या दिवशी फेऱ्या कमी असतात.